ऑस्टिन की डेलावेअर? पावसाच्या पाण्यासाठी वाळूचे दोन फिल्टर

अमेरिकेत शहरांतलं पावसाचं पाणी नदीत सोडायला क्लीन वॉटर अ‍ॅक्ट या जलप्रदूषण रोखणाऱ्या कायद्याखाली परवाना लागतो. त्याच्या अटी पाळण्यासाठी वाळूचे फिल्टर हा जुना, खात्रीचा उपाय.

ऑस्टिन पद्धतीत आधी उघड्या हौदात गाळ बसतो, मग पाणी सुमारे ४५ सेंटिमीटर वाळूतून झिरपतं. जागा भरपूर लागते, पाणी आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या पातळीत फरकही हवा. पण साफसफाई सोपी. डेलावेअर पद्धत पार्किंगच्या कडेला जमिनीखाली बसते: शेजारी शेजारी दोन लांब कप्पे, एकात गाळ, दुसऱ्यात वाळू. दाट वस्तीत हीच परवडते. मात्र गाळाच्या कप्प्यात पाणी कायम साचलेलं. डासांचं काय, ते आधीच विचारून घ्या!

फिल्टरचा आकार काढताना दोन्हीकडे एकच सावधगिरी. नवी वाळू कितीही भराभर पाणी सोडो, हिशेबात वेग दिवसाला साधारण ३.५ फूटच धरतात, कारण ती गाळाने चोंदतेच. परवान्यात नायट्रोजनची अट असेल, तर नुसत्या वाळूवर विसंबू नका. गाळ ती छान अडवते, पण नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेला नायट्रोजन, नाही.

जागा असेल तर मी ऑस्टिनच घेईन. डेलावेअरमधली झाकणाखालची वाळू वेळेवर तपासली जाईल, याचा मला भरवसा नाही.