‘फक्त बघायला’ दिलेला लॉगिन अख्खी यादी घेऊन जातो: दिवाळीपासूनचा अनुभव

कारखान्याच्या नोंदी ठेवायला घेतलेल्या ऑनलाइन सॉफ्टवेअरचं रिन्यूअलचं बिल आलं आणि त्यात जे लोक नुसतं बघतात त्यांचेही पैसे लावलेले दिसले. घेताना ठरलं होतं की एंट्री करणाऱ्याचे पैसे, बघणारा फुकट. आता म्हणे पॉलिसी बदलली. त्या चिडीतच लिहायला बसले आहे. पण सॉफ्टवेअर वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर खालचं वाचून कोणी पळून जायचं. कंपनीचं नाव देत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. फीचर्सची यादी अशा सगळ्या कंपन्यांच्या साइटवर सारखीच असते, ती इथे उतरवून काढण्यात अर्थ नाही. टेबल, रोल, परमिशन, म्हणजे कोणाला काय दिसावं आणि काय बदलता यावं, हे ज्यांनी थोडंफार हाताळलंय त्यांच्यासाठी हा अनुभव.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना. ऑफिस मी सांभाळते. सूत किती आलं, डाईंगला किती गेलं, कुठल्या मागावर कुठला बीम चढला, पॅकिंगला किती डझन, कोणत्या पार्टीला किलोमागे काय भाव, कामगारांचा आठवड्याचा पगार, हे सगळं पूर्वी एकाच ऑनलाइन शीटमध्ये होतं. फुकटात होतं म्हणून मालक खूश. लिंक सगळ्यांकडे आणि सगळेच एडिटर. एखाद्याने नुसता एक कॉलम सॉर्ट केला की एका पार्टीचा भाव दुसरीच्या नावापुढे जाऊन बसायचा. जुनं व्हर्जन परत आणता येतं, पण मधल्या वेळात बाकीच्यांनी भरलेलंही त्याबरोबर जातं.

शीट प्रोटेक्ट करा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी गूगलचं मदतीचं पान वाचावं. तिथे स्पष्ट लिहिलंय की शीट किंवा रेंज प्रोटेक्ट करणं ही सुरक्षेची सोय समजू नका, लोक प्रिंट काढू शकतात, कॉपी करून नेऊ शकतात. एक्सेलच्या शीट प्रोटेक्शनबद्दल मायक्रोसॉफ्टही तेच सांगतं. चुकून कोणी फॉर्म्युला पुसू नये एवढ्यापुरतं ते ठीक. एजंटाला स्टॉक दिसावा पण दुसऱ्या पार्टीचा भाव दिसू नये, हे त्याच्याने होत नाही. म्हणून हे पैशाचं सॉफ्टवेअर. माणशी महिन्याला साडेतीनशे. मालकांनी आकडा ऐकून पंख्याकडे बघितलं, पण हो म्हणाले.

आता ओळीवारी परवानगीबद्दल. घेतलं ते ह्याच्यासाठीच. हैदराबादकडचा एजंट लॉगिन करतो तेव्हा त्याला फक्त त्याच्या पार्ट्या दिसतात. बाकीच्या ओळी आहेत हेसुद्धा कळत नाही. डाईंगवाल्याला सुताचा काउंट, शेड आणि किलो दिसतात, भावाचा कॉलम दिसतच नाही. पगाराच्या टेबलात आधारचे शेवटचे चारच आकडे दिसतात, पूर्ण नंबर मी आणि हिशेबवाले अण्णा यांनाच. सेटिंग करायला दोन संध्याकाळी गेल्या आणि मी महिनाभर ज्याला त्याला ह्या सॉफ्टवेअरचं कौतुक सांगत सुटले.

मग त्याच एजंटाचा फोन. “अक्का, ह्या महिन्यात एवढा माल गेला ना आपला? मग माझ्या नावावर एवढंच कमिशन कसं काय?” मी म्हटलं, ह्याला एकूण माल कुठून कळला? त्याच्याच मोबाइलवरून स्क्रीन मागवून घेतली. ओळी त्याच्याच होत्या, बरोबर. पण तळाला जी बेरीज येते ती सगळ्या कारखान्याची! त्यातून आपलं वजा केलं की बाकीच्यांनी किती उचललं ते हातात. कंपनीला कळवल्यावर पंधरवड्यात बेरीज दुरुस्त झाली, ते श्रेय देते. पण पार्टी शोधायच्या चौकटीत एक अक्षर टाकलं की खाली नावं सुचवली जातात, त्यात अजून सगळ्यांच्या पार्ट्या येतात. ‘स’ टाका, सिकंदराबादपासून सुरतपर्यंत सगळे हजर. भाव दिसत नाही, पण आपली गिऱ्हाइकं कोण हे एजंटाला कळणं काही कमी आहे का?

पुण्यात डेटाबेसचं काम करणारा माझा भाचा आहे. तो म्हणाला, “मावशी, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये ओळीवारी परवानगी ९.५ आवृत्तीपासून आहे, म्हणजे २०१६ पासून. नियम टेबलावरच बसवला की बेरीज मागा, यादी मागा, काहीही मागा, दिसणाऱ्या ओळींचंच उत्तर येतं. ह्यांनी नियम स्क्रीनवर बसवलाय, म्हणून प्रत्येक नव्या स्क्रीनला गळती.” शिवाय तिथे टेबलाच्या मालकाला हा नियम आपोआप लागू होत नाही, मुद्दाम बजावावा लागतो, असंही म्हणाला. हे मी आमच्या मालकांना सांगितलं तर त्यांना फार आवडलं.

आता माझं मुख्य दुखणं. एक्स्पोर्ट.

ज्याला बघायचा अधिकार, त्याच्या स्क्रीनवर उजवीकडे वर छोटा बाण. तो दाबला की समोरचं टेबल एक्सेलमध्ये उतरतं. बघायचा अधिकार द्या पण बाण काढा, अशी सोयच नव्हती. दिवाळीनंतर आमच्याकडचा पॅकिंगचा एक मुलगा दुसऱ्या कारखान्यात लागला. गेला तर गेला, पगार जास्त मिळाला असेल, राग नाही. पण जाण्याआधी त्याने काय काय उतरवलं हे बघायला गेले तर लॉगमध्ये एंट्री, एडिट, डिलीट सगळं नोंदवलेलं, एक्स्पोर्टची नोंदच नाही. नेलं असेल, नसेलही. कळायला मार्ग नाही, आणि मला झोप लागेना ती ह्यामुळे.

सपोर्टला फोन केला तो ऐन संक्रांतीत. इकडे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी, अर्धा कारखाना तिकडेच, आणि मी कानाला फोन लावून ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ऐकत बसलेली. शेवटी एक साहेब आले. त्यांचं म्हणणं, “मॅडम, स्क्रीनशॉट तर कोणीही काढू शकतो, मग एक्स्पोर्ट बंद करून काय उपयोग?” ह्या वाक्याचा मला अजून राग येतो. स्क्रीनशॉटमध्ये वीस ओळी येतात. आमच्या पार्टीच्या खात्यात अनेक वर्षांचा व्यवहार आहे. त्याचे स्क्रीनशॉट काढायला माणसाला पाळी संपेपर्यंत मोबाइल धरून बसावं लागेल, आणि ते कोणाच्या तरी नजरेत येईल. बाण दाबायला एक सेकंद लागतो. दुकानात गिऱ्हाईक माल बघून जाऊ शकतो म्हणून कोणी गल्ला उघडा ठेवतं का? गूगल ड्राइव्हमध्येसुद्धा फाइलच्या मालकाला शेअरिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन व्ह्यूअरसाठी डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करता येतं. म्हणजे फुकटात जे मिळतं ते पैसे मोजून मिळेना.

इथवरचा भाग मी होळीच्या सुमाराला लिहून ठेवला होता. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या, म्हणून मत थोडं बदललंय.

पहिली अशी की त्यांनी एक्स्पोर्टची परवानगी वेगळी केली. आनंदाने बघायला गेले तर ती वरच्या प्लॅनमध्ये. माणशी सव्वापट. दार बसवून दिलं, कडीचे पैसे वेगळे. मालक म्हणाले, “राहू द्या, आहे तसं चालवा.” मग भाच्याने युक्ती सांगितली. मूळ टेबलाची परवानगी कोणालाच देऊ नका, प्रत्येकाच्या कामापुरता रिपोर्ट बनवा आणि तेवढाच शेअर करा. पॅकिंगला आज-उद्याच्या ऑर्डर, डझन आणि साइज. बस. आता बाण दाबला तरी दोन दिवसांच्या ऑर्डर उतरतात, न्या खुशाल. साध्या प्लॅनमध्ये हे बसतं आणि सपोर्टच्या एकाही माणसाने हे सांगितलं नाही. वरचा प्लॅन विकायचा होता ना.

दुसरी गोष्ट लॉगची. काटकसर म्हणून आम्ही पॅकिंगच्या दोन्ही पाळ्यांना एकच लॉगिन दिला होता, डाईंगलाही तसाच. साडेतीनशे वाचतात. मार्चमध्ये एका साइजचा शिलाईचा डझनाचा दर बदललेला निघाला. आठवड्याचा पगार वाटताना बायका भांडायला आल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. सगळ्यांचा संशय पॅकिंगवर, कारण दराची स्क्रीन त्यांच्या टॅबवर उघडत असे. लॉग काढला. जुना दर, नवा दर, रात्रीची वेळ, आणि युजर: धाकटे मालक. मोबाइलवर दुसऱ्याच डिझाइनचा दर बदलायला गेले आणि बोट खालच्या ओळीवर पडलं. पॅकिंगचा पोरगा सुटला. पण मी त्याच वेळी मोठ्या मालकांना विचारलं, हे पॅकिंगच्या लॉगिनवरून झालं असतं तर लॉगमध्ये नुसतं ‘पॅकिंग’ आलं असतं, मग आपण दिवसपाळीला धरलं असतं की रातपाळीला? त्या दिवसापासून प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन आहे. माझ्या बोलण्याने जे पाच महिन्यांत झालं नाही ते शिलाईवाल्या बायकांनी एका सकाळी केलं.

ॲडमिनचा अधिकार मात्र अजून अवघड जागेचं दुखणं आहे. तिन्ही भागीदारांना ॲडमिन हवं. “मालक मी, आणि मलाच बटण दिसत नाही?” तडजोड अशी झाली की दोनच ॲडमिन, आणि रोज बघायला त्यांनाही साधे लॉगिन. बघायला सगळं, बदलायला काहीच नाही. धाकटे मालक आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते.

कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग ठेवणं बंधनकारक आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. आमची भागीदारी फर्म, त्यामुळे तो नियम आम्हाला लागू नाही. पण आमचे सीए म्हणतात तो लॉग ठेवाच, भांडणं कमी होतात. सीएंना आम्ही तारखेची मुदत घातलेला लॉगिन देतो, ऑडिट झालं की तो आपोआप बंद होतो. ही सोय छान आहे, हिच्याबद्दल तक्रार नाही.

सोडून गेलेल्या माणसाचं खातं डिलीट करू नका, डीॲक्टिव्हेट करा. डिलीट केलं तर त्याच्या सगळ्या जुन्या एंट्रींपुढे नावाऐवजी ‘अज्ञात युजर’ येतं आणि लॉगचा उपयोग संपतो. शिवाय नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. त्याच्या मोबाइलवर ॲप आधीच उघडं असेल तर ते तसंच चालू राहतं. ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ हे बटण वेगळं आहे आणि तीन मेनू आत पुरलेलं आहे.

घ्यावं का? चार-पाच जणांच्या ऑफिसला ह्याची गरज नाही, एडिटर कमी करा आणि वेगवेगळ्या शीट ठेवा, बास. एजंट, जॉबवर्कवाले, दोन पाळ्या असा पसारा असेल तर घ्या, पण साधाच प्लॅन. ट्रायलमध्ये ॲडमिनच्या लॉगिनवरून बघून खूश होऊ नका. एजंटाचा लॉगिन बनवून दुसऱ्या मोबाइलवर उघडा, तळाची बेरीज बघा, शोधायच्या चौकटीत एक अक्षर टाका, आणि बाण दाबून एक्सेलमध्ये काय उतरतं ते बघा. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आम्ही ह्या वेळी महिन्याचं घेतलंय, बघणाऱ्यांचे पैसे कमी करा म्हणून तिसरा मेल गेलाय, आणि सुचवल्या जाणाऱ्या नावांच्या तक्रारीचं तिकीट अजून ‘ओपन’ आहे.

एक राहिलं. पहिला ॲडमिन बनवताना ओटीपीसाठी कोणाचा नंबर टाकताय ते नीट बघा. सेटिंग करायला आलेला माणूस घाईत स्वतःचा टाकतो. कारखान्याच्या नावावरचं सिम घ्या आणि ते साध्या फोनमध्ये घालून ऑफिसच्या कपाटात ठेवा. त्याचा रिचार्ज आता माझ्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो, कारण सिम बंद पडलं तर ॲडमिनच बाहेर.