ए.ए.ची मराठी मीटिंग: काय मिळतं, काय मिळत नाही

दारू सोडायचं मनात आलेल्या माणसाला दार ठोठावता येईल अशी सगळ्यांत स्वस्त जागा म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजेच ए.ए.ची मीटिंग. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एका शेअर दलालाने आणि एका सर्जनने एकमेकांना सावरत हे काम सुरू केलं. सभासद व्हायला अट आजही एकच: दारू सोडायची इच्छा हवी.

पण मीटिंगला जायच्या आधी एक गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. भास आणि भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतात आणि त्यात जीवही जातो. हे सांभाळणं डॉक्टरचं काम आहे, मीटिंगचं नाही. दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावत असतील तर त्याआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यायला आवर्जून सांगा. दारूने ते आधीच आटलेलं असतं आणि नुसत्या ग्लुकोजने मेंदूला इजा होऊ शकते.

आता पत्ता. ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर गावानुसार समूह सापडतात, हेल्पलाइनही आहे. यादीवर विसंबून थेट निघू नका, फोन करा. पुष्कळ मीटिंगा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरतात. मे महिन्याची सुट्टी, परीक्षा, निवडणूक आली की जागा बदलते. नवा माणूस बंद फाटक बघून परत गेला की पुन्हा येईलच असं नाही. फोनवर चार गोष्टी विचारा: आज मीटिंग आहे ना, भाषा कोणती, कुठल्या गेटने कितव्या मजल्यावर, आणि ओपन की क्लोज्ड. क्लोज्ड म्हणजे फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर ओपन मीटिंगच निवडा.

आत चौथीच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं दिसतील. फळ्याच्या खिळ्याला बारा पायऱ्यांचा, म्हणजे ए.ए.च्या दारू सोडण्याच्या वाटेवरच्या टप्प्यांचा, कापडी फलक टांगलेला असतो. मीटिंग संपली की तो गुंडाळून पिशवीत जातो. थोडं वाचन होतं, मग एकेक जण आपलं सांगतो. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तास-दीड तासात प्रार्थना होऊन सगळे उठतात. बोलायची सक्ती नाही. ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरतं. वर्गणीची झोळी फिरते तेव्हा नव्या माणसाने काही टाकायची गरज नसते.

खरं मोल मीटिंगनंतरच्या पंधरा मिनिटांत आहे. चहाचा कप हातात असताना तीन-चार जुन्या सभासदांचे नंबर घ्या आणि त्याच रात्री एकाला फोन लावून बघा. पहिल्या पेगच्या आधी फोन करायचा असतो, नंतर नाही. आणि कधीच न लावलेला नंबर तलफेच्या वेळी लावायचं धाडस होत नाही. प्रार्थना संपताच चप्पल शोधणारा माणूस या सेवेतलं निम्मं घरी नेतच नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. समूहासमूहात फार फरक असतो. कुठे एकच ज्येष्ठ अर्धा तास बोलत राहतो. एकाच मीटिंगवरून निकाल देऊ नका, निदान पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंगांना बसून बघा. देवाचा उल्लेख बराच होतो. नास्तिक सभासद समूहालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून पायऱ्या करतात, आणि ते चालतं. स्त्रिया कमी असतात; फक्त स्त्रियांची किंवा ऑनलाइन मीटिंग मुद्दाम विचारून घ्यावी. स्पॉन्सर, म्हणजे नव्याला हाताला धरून पायऱ्या करवणारा जुना सभासद, पुरुषाला पुरुष, स्त्रीला स्त्री असावा आणि त्याच्याशी उसनवारी करू नये. ‘मानसोपचाराच्या गोळ्याही सोड’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. औषधाचं डॉक्टरने ठरवायचं, संस्थेची स्वतःची भूमिकाही तीच आहे.

गुण येतो का? कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०२० च्या आढाव्यात, ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे ४२ टक्के लोक पूर्ण कोरडे होते. इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. भरती होण्याची गरज असणाऱ्यांसाठी पुण्यात १९८६ पासूनचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि तिथून बाहेर पडल्यावर ए.ए. धरून ठेवता येतं. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंगा आहेत. त्यांनी तिथे जावं. जेवणात गुपचूप मिसळायच्या पावडरींच्या वाटेला अजिबात जाऊ नये. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध न सांगता दिलं आणि माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकतं.

गटारी, होळी आणि ३१ डिसेंबर या तीन संध्याकाळी नव्या माणसाला जड जातात. त्या दिवशी कुठल्या समूहाची मीटिंग आहे ते आठवडाभर आधीच विचारून ठेवा, आणि सोबत कोण येणार तेही.