गुलाबी ओळींचा फेरा : ऑटोरन्सचा आठ महिन्यांचा अनुभव

ऑटोरन्स, म्हणजे विंडोजमध्ये आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवणारे साधन, फुकट आहे, झिप उघडली की इन्स्टॉल न करताच चालते आणि ते बनवणारे सिसइंटर्नल्स २००६ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतल्यापासून ते मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असेल. म्हणून मी थेट माझ्या तक्रारीकडे, म्हणजे त्यातील गुलाबी रंगाकडे वळतो.

आठ महिन्यांपूर्वी माझ्या घरच्या संगणकाचा पंखा काहीही काम चालू नसताना घरघरू लागला. कोणता प्रोग्रॅम किती काम करतो हे दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की दोन-तीन सेकंदांत तो शांत होई आणि बंद केला की पुन्हा सुरू होई. आपल्यावर लक्ष आहे असे दिसताच काम थांबवणारा हा चोर म्हणजे माझ्या प्रोसेसरवर क्रिप्टो चलनाचे मायनिंग करणारा, म्हणजे माझ्या संगणकाची शक्ती वापरून दुसऱ्यासाठी ते चलन कमावणारा ट्रोजन (सोज्वळ वेशात शिरणारा घातक प्रोग्रॅम) होता. तो आला कसा, हे सांगायला लाज वाटते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे पैसे वाचवण्यासाठी मी एक ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे ते विकत न घेताच चालू करून देणारा प्रोग्रॅम, उतरवून घेतला होता. त्याच्या सूचनांतील पहिलीच ओळ ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी होती आणि मी ती निमूटपणे पाळली होती.

माझ्याकडे तेव्हा पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस होता. तो रोज सकाळी प्रोग्रॅमडेटा फोल्डरमधील तीच फाइल पकडायचा, हिरवी खूण दाखवून ‘धोका दूर केला’ म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच फाइल पुन्हा हजर असायची. ती परत कोण आणते, हा माझा साधा प्रश्न होता. त्यावर मदतकेंद्रातील गृहस्थांनी तीन वेळा महागडी आवृत्ती घेण्याचा सल्ला दिला. वर्गणीचे सात महिने शिल्लक असताना मी तो काढून टाकला. उरलेले पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने फॉरमॅटचे दीड हजार सांगितले, तेव्हा मी ऑटोरन्सकडे वळलो.

ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडले, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या, एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून देणाऱ्या व्हायरसटोटल या संकेतस्थळाची तपासणी चालू केली आणि समोर एक ठळक गुलाबी ओळ आली. ती माझ्या जुन्या मराठी टंकलेखन प्रणालीची होती. व्हायरसटोटलवरील सत्तरहून अधिक इंजिनांपैकी एकाने तिला संशयितही ठरवले होते. मी ती तत्काळ डिलीट केली आणि दुसऱ्या दिवशी प्रुफे तपासायला बसलो, तेव्हा मराठीचे एक अक्षर उमटेना. डिलीट केल्याने फाइल जात नाही, फक्त आपोआप सुरू होण्याची नोंद जाते, हे तेव्हा कळले. अर्धा दिवस गेला. पंखा मात्र घरघरतच होता.

गुलाबी रंगाचा अर्थ इतकाच की फाइलवर प्रकाशकाची माहिती किंवा पडताळता येईल अशी डिजिटल स्वाक्षरी नाही. माझा खरा गुन्हेगार गुलाबी नव्हताच! शेड्यूल्ड टास्क्समध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, एखाद्या अपडेटचे वाटावे अशा नावाची एक नोंद होती आणि तिच्यापुढे पॉवरशेल, म्हणजे लिहून दिलेल्या आज्ञा चालवणारी मायक्रोसॉफ्टची अस्सल, स्वाक्षरी असलेली फाइल होती. व्हायरसटोटलचा आकडा शून्य, रंग पांढरा. ओळ निवडल्यावर खालच्या चौकटीत पूर्ण आज्ञा दिसली, तेव्हा पॉवरशेलच्या मागे अक्षरांची लांबलचक निरर्थक माळ आढळली. लॉगिन होताच हीच नोंद ती फाइल पुन्हा उतरवून घेत होती. मी मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय बंद करून सगळ्या नोंदी एकेक करून वाचल्या, त्याला पूर्ण संध्याकाळ लागली, आणि हे साधन कोणी घाईत वापरू नये असे माझे ठाम मत तेव्हाच झाले.

पुढचे काम लवकर झाले. इंटरनेटची तार काढली, त्या नोंदीपुढची बरोबरची खूण काढून ती बंद केली, संगणक पुन्हा सुरू केला आणि प्रोग्रॅमडेटामधील फाइल हाताने काढली. मग विंडोजच्या सुरक्षेच्या सेटिंगमधील अपवादांची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची, यादी पाहिली, तर पेड अँटिव्हायरस गेल्यावर ट्रोजनने तेच फोल्डर तिथे नोंदवून ठेवले होते. साहजिकच डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, काही सापडत नव्हते. तो अपवाद काढून डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी होणारी तपासणी, चालवले. साधारण पंधरा मिनिटांत ते झाले.

तेव्हा मी ऑटोरन्सला पाचपैकी पाच दिले असते. चौथ्या महिन्यात मत बदलले, कारण दिसलेली नोंद काढली असली तरी जे दिसलेच नाही त्याची खात्री मला कोण देणार, हा विचार बँकेचे पान उघडताना प्रत्येक वेळी येऊ लागला. अखेर कागदपत्रांची प्रत काढून मी विंडोज नव्याने टाकले आणि ॲक्टिव्हेटरऐवजी लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस घेतले. फोनवरून सगळे पासवर्ड बदलले आणि प्रत्येक खात्यातून सर्व उपकरणांवर लॉगआउट केले, कारण ब्राउझरमधील कुकी, म्हणजे आपण लॉगिन आहोत हे लक्षात ठेवणारी नोंद, चोरीला गेली असेल तर चोराचे चालू सत्र नुसता पासवर्ड बदलून बंद होईलच असे नाही. म्हणजे दुरुस्तीवाल्याचा सल्ला बरोबर होता, त्याचा दर तेवढा मला मान्य नव्हता.

नव्या विंडोजवर पहिल्याच दिवशी ऑटोरन्समधील सर्व नोंदी सेव्ह करून ठेवल्या आणि दर महिन्याला ‘कम्पेअर’ने त्यांच्याशी ताडून पाहतो. नव्या ओळी तेवढ्याच ठळक होतात, आणि माझ्या मते या साधनाचा खरा उपयोग हाच आहे. गेल्या महिन्यात प्रिंटरची एक नोंद सापडली. तिची गरज नव्हती, म्हणून खूण काढून बंद केली, डिलीट केली नाही. टंकलेखन प्रणालीची ओळ अजूनही गुलाबीच दिसते आणि व्हायरसटोटलवरचे ते एक इंजिन अजूनही तिच्यावर संशय घेते.