चंद्राची उंची: लेसरची घ्यावी की कॅमेऱ्याची?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला चंद्र घेतला की पहिला घोळ इथेच होतो: जमिनीची उंची नासाच्या एलआरओ यानावरच्या 'लोला' या उपकरणाच्या लेसरने मोजलेली घ्यायची, की जपानच्या 'कागुया' यानाच्या स्टिरिओ (एकाच जागेच्या दोन कोनांतल्या) फोटोंवरून काढलेली? दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात.

दिसायला कॅमेरा सरस, यात वाद नाही. कागुयाच्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे १० मीटर, त्यामुळे विवराचा काठ कसा रेखीव येतो. लोला सेकंदाला २८ वेळा पाच-पाच ठिपके टाकतं खरं, पण विषुववृत्ताजवळ यानाच्या दोन फेऱ्यांत मोकळी जागा उरते. ती अंदाजाने भरलेली असते आणि हिलशेड (उंचीवरून बनवलेलं उजेड-सावलीचं चित्र) काढली की उभ्या रेघा डोळ्यांत खुपतात.

मला मात्र नडली ती सावली. माझं काम दक्षिण ध्रुवाजवळचं. संध्याकाळी कोल्हापुरातून पन्हाळ्याचा फोटो काढला की गडाची आपल्याकडची बाजू नुसती काळी येते. चंद्राच्या ध्रुवाजवळ तर कायमच तसं. दोन फोटोंत एकच खूण सापडली तर उंची निघणार, आणि अंधारात खूण कुठली? राजारामपुरीतल्या खोलीवर रात्री-रात्री बसून असले खोटे चढउतार पुसायचे म्हणजे वैताग. लेसर स्वतःचा उजेड घेऊन जातो. शॅकल्टन विवर २१ किलोमीटर रुंद, ४ किलोमीटर खोल, तळाशी ऊन नाहीच. तरी लोलाने तो तळ मोजलाय. शिवाय यानाच्या सगळ्या फेऱ्या ध्रुवाजवळ एकवटतात, म्हणजे ठिपके नेमके तिथेच दाट.

चंद्राच्या पोटातलं बघायचं असेल तर माझा कल आणखी लेसरकडे. नासाच्या 'ग्रेल' या जोडयानांनी मोजलेल्या गुरुत्वातून वरच्या डोंगर-दऱ्यांचा वाटा वजा करावा लागतो. कवचाची घनता २५५० किलो प्रति घनमीटर धरली, तर उंचीत १० मीटरची चूक म्हणजे गुरुत्वात साधारण १ मिलिगॅलची (गुरुत्व मोजायचं छोटं एकक) चूक, आणि ती जमिनीखालचं वस्तुमान म्हणून वाचली जाते. कवचाची सरासरी जाडी ३४ ते ४३ किलोमीटर ठरली ती याच वजाबाकीतून.

विवरं मोजायची असतील आणि जागा मधल्या अक्षांशांतली असेल, तर माझं ऐकू नका. लोला आणि कागुया दोघांची सांगड घातलेला 'एसएलडीईएम २०१५' हा उंचीचा नकाशा घ्या. तो ६० अंश उत्तर ते ६० अंश दक्षिण एवढाच आहे. आणि तो करतानाही कागुयाच्या फोटोंवरून काढलेल्या उंचीच्या पट्ट्या लोलाच्या ठिपक्यांवरच बसवून घ्याव्या लागल्या होत्या.