कोर्स सुटला, हप्ता मात्र आला: स्टुडंट लोन्स कंपनीच्या वसुलीचं परीक्षण

इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटीचा कोर्स अर्ध्यावर सोडला की विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज देणाऱ्या स्टुडंट लोन्स कंपनीशी दोन वेगवेगळे हिशेब सुरू होतात. ते दोन्ही एकच समजले की घोटाळा झालाच म्हणून समजा. पहिला हिशेब नेहमीच्या कर्जाचा. पगार ठरावीक रकमेच्या वर गेला तरच तो कापून घेतो, नोकरी नसेल तर गप्प बसतो. दुसरा हिशेब जादा आलेल्या पैशाचा, म्हणजे ओव्हरपेमेंटचा. तो पगाराची वाट बघत नाही. कोर्स सोडल्यानंतरच्या ज्या दिवसांवर तुमचा हक्कच नव्हता, त्या दिवसांचे पैसे आधीच बँकेत आलेले असतात आणि ते वेगळे, लवकर परत मागितले जातात. ‘पंचवीस हजार पौंड पगार होईपर्यंत काही द्यायचं नसतं’ हे वाक्य पहिल्या हिशेबाला लागू आहे, दुसऱ्याला नाही.

ही सरकारी कंपनी १९८९ मध्ये ग्लासगोत सुरू झाली. इंग्लंडच्या विद्यार्थ्यांसाठी ती ‘स्टुडंट फायनान्स इंग्लंड’ या नावाने काम करते. पुण्या-मुंबईहून स्टुडंट व्हिसावर गेलेल्यांना हे कर्ज मिळतच नाही, त्यामुळे त्यांनी हे वाचून काळजीत पडू नये. हे आहे तिथे स्थायिक झालेल्या, नागरिकत्व किंवा कायम राहण्याचा परवाना असलेल्या घरांतल्या मुलांसाठी. अशा घरांत आईवडिलांच्या डोक्यात बऱ्याचदा भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज असतं: ईएमआय, जामीनदार, कोर्स संपल्यावर सुरू होणारी फेड. इथलं गणित त्या साच्यात बसत नाही.

आमचा निवाडा आधीच सांगतो. या सेवेला आकडेमोडीसाठी पाचपैकी चार, वेळेसाठी दोन आणि पत्रांच्या भाषेसाठी दीड. आकडा बहुतेक वेळा नियमाला धरून असतो. पण तो आला कुठून, हे पत्र वाचून पटकन कळत नाही आणि ते कळेपर्यंत पुढचं पत्र दारात असतं.

मुळात ओव्हरपेमेंट होतं का, तर राहण्याखाण्यासाठीचं मेंटेनन्स लोन आगाऊ दिलं जातं म्हणून. वर्षाची रक्कम तीन टर्मच्या सुरुवातीला साधारण ३३, ३३ आणि ३४ टक्के अशी येते. पहिला हप्ता सुटायला युनिव्हर्सिटीने नोंदणी कळवावी लागते. पुढचे दोन हप्ते मात्र, कोणी थांबवलं नाही तर, ठरल्या तारखेला आपोआप येतात. तुम्ही वर्गात आहात की घरी, हे कंपनीला आपणहून कळत नाही. ते कळतं युनिव्हर्सिटीने ‘चेंज ऑफ सर्कमस्टन्सेस’ ही, म्हणजे परिस्थिती बदलल्याची, नोंद पाठवल्यावर. त्या नोंदीला उशीर झाला की जानेवारीचा हप्ता निघून जातो.

एक उदाहरण घ्या. २०२५-२६ मध्ये लंडनबाहेर, घरापासून दूर राहणाऱ्याला जास्तीत जास्त १०,५४४ पौंड मेंटेनन्स लोन मिळत होतं. त्याचे ३३ टक्के म्हणजे सुमारे ३,४८० पौंड. डिसेंबरच्या मध्यावर कोर्स सोडला आणि नोंद जानेवारीच्या शेवटी गेली, तर जानेवारीत आलेला तो अख्खा हप्ता ओव्हरपेमेंट ठरतो. शिवाय पहिल्या हप्त्यातल्या, सोडल्यानंतरच्या दिवसांचा भागही त्यात मिळू शकतो, कारण हक्क पुन्हा मोजताना दिवस धरले जातात. म्हणून कोर्स सोडायचा विचार पक्का झाला की पुढच्या हप्त्याची तारीख ऑनलाइन खात्यात बघा. तो आलाच तर वेगळा ठेवा. घरभाड्यात गेलेले ३,४८० पौंड नंतर महिना पन्नासने फेडायला जवळजवळ सहा वर्षं लागतात.

सगळ्या हिशेबाची नाडी एका तारखेत आहे: युनिव्हर्सिटीने कळवलेली कोर्स सोडल्याची तारीख. ती आणि तुम्ही फॉर्म भरला ती तारीख एकच असेल असं नाही. नोव्हेंबरपासून वर्गात गेला नाहीत आणि फॉर्म जानेवारीत भरला, तर युनिव्हर्सिटी शेवटच्या हजेरीची नोव्हेंबरची तारीख लावू शकते. दोन महिन्यांच्या फरकाने हजार-दोन हजार पौंड इकडचे तिकडे होतात. तेव्हा फॉर्म देताना कार्यालयाकडून ‘कोणती तारीख कळवणार आणि कधी कळवणार’ हे ईमेलवर घ्या. फोनवरचं आश्वासन इथे कामाला येत नाही. त्याच दिवशी स्टुडंट फायनान्सलाही स्वतः कळवा. युनिव्हर्सिटीने सांगितलं असेलच, या भरवशावर राहू नका.

फीचं कर्ज वेगळं चालतं. ते थेट युनिव्हर्सिटीला जातं आणि टर्मनुसार २५, २५ आणि ५० टक्के असं लागू होतं. २०२५-२६ ची कमाल फी ९,५३५ पौंड धरली, तर पहिल्या टर्ममध्ये सोडणाऱ्याच्या नावावर २,३८३.७५ पौंड पडतात, दुसरी टर्म सुरू झाल्यावर सोडल्यास ४,७६७.५० आणि तिसरी सुरू झाली की पूर्ण वर्षाची फी. म्हणून ईस्टरच्या सुट्टीत ‘बघू, आणखी आठवडाभर’ करणं महागात जातं. फीचे जादा गेलेले पैसे युनिव्हर्सिटी कंपनीला परत करते, तुम्हाला हात लावावा लागत नाही. पण युनिव्हर्सिटीचे स्वतःचे फी-नियम यापेक्षा कडक असू शकतात. तसं असेल तर फरकाचं बिल तुमच्या नावे येतं, आणि ते कर्जातून नाही, खिशातून भरायचं असतं.

आजारपणासाठी एक सवलत आहे आणि ती कमी जणांना ठाऊक असते. तब्येतीमुळे कोर्स सोडण्याऐवजी तात्पुरता थांबवला, तर पहिले ६० दिवस मेंटेनन्स लोनचा हक्क चालू राहू शकतो. त्यापुढेही आर्थिक अडचण दाखवून मुदत वाढवून मागता येते. डॉक्टरांचं तारखांसह पत्र लागतं. ‘विद्यार्थी आजारी होता’ एवढ्या एका ओळीवर काम होत नाही. कधीपासून, कशामुळे अभ्यास शक्य नव्हता, हे त्यात हवं. मात्र थांबवणं आणि सोडणं यांत नोंदीच्या पातळीवर फरक आहे. एकदा ‘सोडला’ अशी नोंद गेली की ही वाट अरुंद होते. गोंधळलेल्या अवस्थेत पहिला हाताला लागेल तो फॉर्म भरू नका.

आता पत्र आल्यावर. आधी पैसे भरू नका, आधी आकडा तपासा. खात्यात मिळालेले हप्ते बँक स्टेटमेंटशी ताडा, नवीन हक्काच्या पत्रात कोर्स सोडल्याची तारीख कोणती धरली आहे ते बघा, आणि मागणी कर्जाची आहे की अनुदानाची हे वेगळं करा. मुलांच्या पाळणाघरासाठीचं चाइल्डकेअर ग्रँट किंवा पालक-विद्यार्थ्यांचा पेरेंट्स लर्निंग अलाउन्स जादा आला असेल तर ती मूळची फेड नसलेली रक्कम, त्यामुळे वसुलीही तशीच ठाम. हिशेब उलगडत नसेल तर रकमेची फोड लेखी मागा. तरीही अडलं तर डेटा संरक्षण कायद्याखाली स्वतःची सगळी नोंद मागवता येते. ती फुकट आहे आणि सर्वसाधारणपणे एका महिन्यात मिळते. युनिव्हर्सिटीने कोणत्या दिवशी काय कळवलं हे तिथे उघड होतं.

तारीख चुकलेली असेल तर कंपनीशी वाद घालून उपयोग नाही. ती दुरुस्ती युनिव्हर्सिटीनेच पाठवावी लागते. इथे फार जणांचे महिने वाया जातात: फोन लागतो तो ग्लासगोला, चूक बसलेली असते कॅम्पसवरच्या, विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्री कार्यालयात.

आकडा बरोबर असेल तर हप्ते बांधून घ्या. पूर्ण रक्कम एकदम भरायची सक्ती असल्यासारखं पत्र वाटलं तरी परिस्थिती सांगून हप्ते मागता येतात. मागताना महिन्याचं उत्पन्न, भाडं, प्रवास, किराणा यांचा साधा तक्ता द्या आणि झेपेल तोच आकडा म्हणा. भिडेपोटी तीनशे पौंड कबूल करून दुसऱ्याच महिन्यात चुकवण्यापेक्षा साठ कबूल करून पाळलेले बरे. गप्प बसणं मात्र सगळ्यात वाईट. उत्तर नाही दिलं तर प्रकरण वसुली एजन्सीकडे जाऊ शकतं. सल्ल्यासाठी स्टुडंट्स युनियनचं सल्ला केंद्र, सिटिझन्स ॲडव्हाइस, नॅशनल डेटलाइन आणि स्टेपचेंज ही ठिकाणं फुकट आहेत.

एक सावधगिरी खास आपल्या लोकांसाठी. कर्ज डोक्यावर नको म्हणून वडील मंडळी ओव्हरपेमेंटबरोबर मूळ कर्जातही रक्कम भरून टाकतात. मूळ कर्जात स्वेच्छेने भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ऑगस्ट २०२३ नंतर कोर्स सुरू केलेल्यांचं, म्हणजे ‘प्लॅन ५’चं कर्ज २५,००० पौंडांच्या वरच्या उत्पन्नावर ९ टक्के कापलं जातं आणि ४० वर्षांनी माफ होतं. कमी पगाराच्या वाटेवर असलेल्याने ते आधी फेडण्यात शहाणपण असेलच असं नाही. पैसे भरताना पत्रातला संदर्भ क्रमांक घाला आणि रक्कम ओव्हरपेमेंटकडेच वळते आहे याची खात्री करा.

पुन्हा शिकायचं असेल तर जुनं ओव्हरपेमेंट पुढच्या मेंटेनन्स लोनमधून वळतं होऊ शकतं. त्यामुळे सप्टेंबरचा पहिला हप्ता अपेक्षेपेक्षा लहान येतो आणि घराचं डिपॉझिट भरायला पैसे कमी पडतात. दुसरा फटका अधिक खोल. कर्जाचा हक्क ‘कोर्सची वर्षं अधिक एक, वजा आधी शिकलेली वर्षं’ असा मोजतात आणि एखाद्या वर्षात एकच दिवस हजर राहिलात तरी ते पूर्ण वर्ष धरलं जातं. तीन वर्षांच्या कोर्सचं पहिलं वर्ष सोडलं तर ते जादा वर्ष तिथेच खर्ची पडतं. आजारपण, घरातला मृत्यू अशा सबळ वैयक्तिक कारणांसाठी आणखी एक वर्ष मागता येतं. त्याचे पुरावे कोर्स सोडतानाच जमवून ठेवा. दोन वर्षांनी ते मिळवायला धावाधाव होते.

पगारातून जास्त कापलं जाणं, हेही लोक ओव्हरपेमेंटच म्हणतात, पण ते उलट दिशेचं. नेहमीच्या कर्जाची कपात कोर्स सोडल्यानंतरच्या एप्रिलपासून सुरू होते. त्याआधी कापलं असेल तर परत मागा. प्लॅन ५ ची महिन्याची मर्यादा सुमारे २,०८३ पौंड. ओव्हरटाइममुळे एका महिन्यात २,५०० मिळाले तर ३७ पौंड कापले जातात. वर्षाची एकूण कमाई २५,००० च्या आत राहिली, तर ५ एप्रिलला करवर्ष संपल्यावर पी६० (मालकाने दिलेला वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला) पुढे करून ते परत घेता येतात. रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका.

तक्रारीचे मार्ग दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. हिशेब किंवा वागणूक कंपनीची असेल तर आधी कंपनीकडे तक्रार, मग स्वतंत्र असेसर (तक्रार नव्याने तपासणारा), त्यानंतर खासदारामार्फत पार्लमेंटरी ऑम्बड्समन, म्हणजे संसदेचा लोकपाल. चूक युनिव्हर्सिटीची असेल तर तिची अंतर्गत प्रक्रिया पूर्ण करून ‘कम्प्लीशन ऑफ प्रोसिजर्स’ पत्र घ्या आणि त्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटरकडे, म्हणजे युनिव्हर्सिटीविरुद्धच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जा.