एकोणीस फुटी कॅरॅव्हॅन आणि आम्ही दोघे: मेलबर्न ते नॉर्समन वापराचा अनुभव

निवृत्तीनंतर कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेऊन ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात फिरावे, असा विचार करणाऱ्या जोडप्यांनी आतल्या गाद्या आणि कपाटे पाहण्याआधी कॅरॅव्हॅनवर ठोकलेल्या लहानशा पाटीवरचे वजनाचे आकडे वाचावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या एकोणीस फुटी कॅरॅव्हॅनचे रिकामे वजन सुमारे 2,250 किलो असून, सामानासह ते 2,800 किलोच्या वर जाता कामा नये. कागदावर 550 किलोंची मोकळीक दिसते खरी, परंतु 95 लिटरच्या दोन्ही टाक्या भरल्या की त्यातले 190 किलो पाण्यातच जातात. त्यानंतर गॅसच्या टाक्या, जादा बॅटरी, खुर्च्या, हत्यारांची पेटी, अंथरूण-पांघरूण आणि आमचा शिधा हे सारे उरलेल्या वजनात बसवावे लागते. धान्य पिकवणाऱ्या गावांमध्ये सार्वजनिक वजनकाटे असतात. तेथे भरलेली गाडी एकदा तोलून घेतल्याशिवाय लांबचा रस्ता धरू नये. पुढच्या जोडणीवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या गोळ्यावर, एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार पडलेला चांगला. तो फार कमी झाला, तर वेगात कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झुलू लागते आणि ते झुलणे सावरणे अनुभवी माणसालाही कठीण जाते.

आमचा मार्ग मेलबर्नहून विमेरातील गव्हाच्या शेतांमधून मिल्ड्युरा, तेथून ब्रोकन हिल, पोर्ट ऑगस्टा, सेडुना आणि मग नलारबॉरचे वृक्षहीन मैदान ओलांडून पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्समन असा होता. हिवाळा मुद्दाम निवडला, कारण उन्हाळ्यात या पट्ट्यात चाळिशीच्या वर पारा जातो आणि पत्र्याच्या घरात वातानुकूलन यंत्राशिवाय बसवत नाही.

आमच्या वयाच्या माणसांनी पलंगाची मांडणी विशेष लक्ष देऊन पाहावी. पलंग आडवा असला तर रात्री उठताना एकाला दुसऱ्याच्या अंगावरून जावे लागते. आमचा पलंग मधोमध असून दोन्ही बाजूंनी उतरता येते, आणि या एका गोष्टीमुळे मी निर्मात्यांना पूर्ण गुण देते. पायरी मात्र उंच आहे. माझ्या पतींच्या गुडघ्यांना ती झेपेना, म्हणून आम्ही खाली ठेवण्याची वेगळी पायरी विकत घेतली. आत स्नानगृह आणि कॅसेटचे, म्हणजे खालची मैल्याची टाकी बाहेर काढता येणारे, शौचालय आहे. दोघांच्या वापरात कॅसेट साधारण तिसऱ्या दिवशी रिकामी करावी लागते. त्यासाठी बहुतेक लहान गावांत डम्प पॉइंट असतो. तो कोठे आहे, हे मुक्काम ठरवतानाच पाहून ठेवावे.

स्वयंपाकघराबद्दल अधिक लिहायला हवे, कारण आपल्या स्वयंपाकाचा विचार करून ही वाहने बांधलेली नसतात. आत मोहरी-हिंगाची फोडणी केली की धुराचा गजर वाजतो, आणि मिरचीचा खाट गादीच्या कापडात दोन दिवस राहतो. बाहेरच्या बाजूला सरकून येणारी लहान शेगडी हा आमच्या दृष्टीने या कॅरॅव्हॅनचा सर्वांत उपयोगी भाग ठरला. फोडणी, पापड आणि तळण बाहेर, आणि कुकर तेवढा आत. तोही लावताना छताची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर थंडीत वाफेचे पाणी होऊन भिंतींवरून ओघळते. तूरडाळ तासभर भिजवून लावली की गॅस बराच वाचतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसुले आणि तांदळाचे पीठ वजनाला हलके आणि टिकाऊ असल्यामुळे त्यांच्यावर आमची मोठी भिस्त होती. ताटे धुण्याआधी कागदाने पुसून घेतली आणि अंघोळीला नळ सतत चालू ठेवला नाही, तर भरलेल्या दोन टाक्या आम्हाला चार-पाच दिवस पुरतात.

काटकसरीची ही सवय नलारबॉरवर फार उपयोगी पडते. तेथील रोडहाऊसमध्ये डिझेल, जेवण आणि मुक्काम मिळतो, परंतु टाक्या भरण्यासाठी पाणी मिळेल असे धरून चालता येत नाही, म्हणून सेडुनालाच त्या भरून घ्याव्यात. डिझेलची चिंता त्या मानाने कमी आहे, कारण दोन पंपांमधले अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपासच असते. मात्र भाव शहरापेक्षा बराच चढा असतो आणि समोरून वारा आला की आमची गाडी शंभर किलोमीटरला वीस लिटरपर्यंत डिझेल पिते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर तपासणी नाका आहे आणि तेथे ताजी फळे, भाज्या व मध काढून घेतात. आम्ही आदल्या संध्याकाळी उरलेले सगळे टोमॅटो, कांदे आणि वांगी शिजवून टाकली. त्या नाक्याच्या अलीकडे हेड ऑफ बाइट येथे, मे ते ऑक्टोबर या काळात, सदर्न राइट जातीचे देवमासे पिल्लांसह किनाऱ्याजवळ येतात. वरच्या लाकडी मार्गावरून ते इतके जवळ दिसतात की दुर्बीण बाजूला ठेवावी लागते. तेथे घाईने थांबून निघू नये, अर्धा दिवस राखून ठेवावा. पुढे कायग्यूना आणि बॅलाडोनिया यांच्या दरम्यान 146.6 किलोमीटर रस्ता एका रेषेत जातो. आम्ही तेथे दर तासाला चालक बदलला.

रस्त्यावर 53.5 मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, भेटतात. त्या मागून येत असतील तर गाडीतल्या बोलता-ऐकता येणाऱ्या रेडिओच्या चाळीस क्रमांकाच्या चॅनेलवर त्यांच्याशी बोलावे, वेग थोडा कमी करून त्यांना पुढे जाऊ द्यावे. ही मंडळी सौजन्याने उत्तर देतात. झुंजुमुंजू आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे दुपारी चारपर्यंत मुक्काम गाठण्याचा नियम आम्ही कधी मोडला नाही.

मुक्कामासाठी कॅरॅव्हॅन पार्कपेक्षा मला गावांची शोग्राउंड अधिक आवडली. वर्षातून एकदा शेतीचे प्रदर्शन भरते ती ही मैदाने. एरवी थोडक्या पैशांत वीज आणि पाणी मिळते, आणि पैसे घ्यायला येणारा गावकरी पावसापाण्याच्या गप्पा मारून जातो. ब्रिम या छोट्या गावात गायडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराने 2016 मध्ये धान्याच्या उंच कोठारांवर शेतकऱ्यांची भव्य चित्रे पूर्ण केली. ती पाहण्यासाठी आता दूरदूरची माणसे तेथे वाट वाकडी करतात. ब्रोकन हिलला एकोणिसाव्या शतकातील पत्र्याची मशीद आहे. अफगाणिस्तान आणि तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानाच्या वायव्येकडून आलेल्या उंटवाल्यांनी ती उभारली. या वैराण मुलखात माल पोहोचवण्याचे काम त्यांच्या उंटांनी केले, हे तेथे उभे राहिल्यावर नीट समजते. त्याच गावात विमानातून वैद्यकीय सेवा देणाऱ्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचा तळही आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आमच्यासारख्यांना 1928 पासून चालू असलेल्या या सेवेचा मोठाच दिलासा वाटतो. तरीही औषधे दोन महिने पुरतील इतकी जवळ ठेवावीत.

आता दोष. कच्च्या रस्त्यावर मागच्या दाराच्या फटीतून लाल धूळ आत येते. विक्रेत्याने ही कॅरॅव्हॅन अशा रस्त्यांसाठी योग्य असल्याचे सांगितले होते, ते मला पटलेले नाही. वरच्या दोन कपाटांच्या कड्या धक्क्यांनी सुटल्या आणि सिंकखालचा नळीचा जोड गळू लागला. हे सारे किरकोळ असले, तरी या किमतीच्या वस्तूत ते अपेक्षित नव्हते. ब्रेक, टायर आणि सौर पॅनेलसह बसवलेली लिथियम बॅटरी यांनी मात्र कोठेही त्रास दिला नाही. ढगाळ दिवसांतही फ्रिज आणि दिवे चालू राहिले. ज्यांना मुख्यतः डांबरी रस्त्यांवरून गावोगावी राहत जायचे आहे, अशा दोघांसाठी ही कॅरॅव्हॅन मी निःशंकपणे सुचवीन. डोंगराळ कच्च्या वाटांवर जाणाऱ्यांनी मात्र दुसरी पाहावी. चाकांच्या बेअरिंगची तपासणी दर 10,000 किलोमीटरला करून घ्यावी, आणि ती निघण्यापूर्वीच उरकावी, कारण वाटेतल्या गावांमध्ये सुगीच्या दिवसांत मेकॅनिक ट्रॅक्टर आणि कापणी यंत्रांच्या कामात गुंतलेले असतात.