व्यवहार मोडला तरी पूर्ण दलालीची नोटीस: पुण्यातल्या ब्रोकरचा अनुभव

मध्यंतरी टपालाने ब्रोकरच्या वकिलाची नोटीस आली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कोथरूडला 72 लाखांचा रीसेल फ्लॅट, दलाली दोन टक्के, म्हणजे 1,44,000. त्यातले 72,000 टोकनच्या दिवशीच यूपीआयने दिले होते. पुढे इमारतीला भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, म्हणजेच ओसी) नाही म्हणून बँकेने कर्ज नाकारलं आणि साठेखत, म्हणजे विक्रीचा प्राथमिक करार, झालंच नाही. मालकांनी टोकन सरळ परत केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

आता नोटिशीत मागितलेत 97,920. उरलेले 72,000, आणि पूर्ण दलालीवर 18 टक्के जीएसटी म्हणून 25,920. हा जीएसटी माझ्या डोक्यातून जातच नाही. नोटिशीत जीएसटी नंबर नाही, पहिल्या 72 हजारांची पावतीसुद्धा आजवर दिलेली नाही. पावती मागितली की "मॅडम, यूपीआयची एंट्री आहे ना?" एवढंच उत्तर. ज्याची जीएसटी नोंदणी नाही त्याला कर गोळा करताच येत नाही, सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याचं कलम 32 तेच सांगतं. नोंदणी असेल तर नंबर टाकून बिल द्या, मग बोलू. घर घेताना आम्ही एकेक हजार जुळवत होतो, आणि इथे पंचवीस हजार नुसत्या तोंडी हिशोबावर मागतात.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मी याच ब्रोकरचं नाव ऑफिसात सगळ्यांना सांगत होते. माणूस वेळेवर यायचा, चाव्या त्याच्याकडे असायच्या, उगाच महागडे फ्लॅट दाखवून दमवायचा नाही. ते कौतुक मी आजही मागे घेत नाही.

नोटीस आल्यावर वाटलं, दिलेलेही सगळे परत मिळायला हवेत. 1872 च्या करार कायद्याचं कलम 219 म्हणतं की वेगळा करार नसेल, तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. पण वकीलबाईंनी ब्रोकरचा छापील फॉर्म वाचला आणि माझं मत बदललं. त्यात स्पष्ट आहे: अर्धी दलाली टोकनला, अर्धी रजिस्ट्रेशनच्या दिवशी. म्हणजे वेगळा करार आहेच. पहिला हप्ता त्याप्रमाणे देय होता, आणि दुसरा मागण्याचा त्याला हक्कच नाही, कारण रजिस्ट्रेशन झालंच नाही. त्याच्याच फॉर्मने त्याची नोटीस पाडली.

पहिला हप्ता परत मागण्यासाठी माझा आधार वेगळा आहे. टोकनच्या आदल्या रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, "भोगवटा पत्र आहे ना?" उत्तर आलं, "ओसी आहे, फाईल मी स्वतः बघितली. बिनधास्त टोकन द्या." फाईलमध्ये ओसी नव्हतीच. कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटला त्या कामाचा मोबदला मिळत नाही, हे कलम 220. माझी सगळी भिस्त आता त्या मेसेजवर आहे.

महारेराकडे, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जावं असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण एजंटच्या नोंदणीचं कलम 9 रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांपुरतं आहे, आणि ही इमारत त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीची फी शून्य, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे खूप सोपं निघालं, फक्त पीडीएफ नीट स्कॅन करा.

तक्रारीची प्रत पोचल्यावर ब्रोकरचा फोन आला: "ताई, जीएसटी सोडतो, बाकीचे द्या, मिटवून टाकू." मी नाही म्हटलं. सोडायला तो कर त्याचा नव्हताच. नोटिशीला लेखी उत्तर गेलं आहे, आयोगापुढची तारीख अजून यायची आहे.

पाचपैकी दोन तारे, आणि तेही फक्त फ्लॅट दाखवण्याच्या कामाला. याच्याकडे जाणार असाल तर टोकनआधी भोगवटा पत्राची प्रत हातात घ्या, आणि दलालीचा पहिला रुपया पावतीवरच द्या.